अ‍ॅप की वही? दादाच्या अटॅक्सियाने शिकवलेलं

दादाला स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया आहे. लहान मेंदू हळूहळू झिजतो, तोल जातो, बोलणं अडखळतं. वर्षातून दोनदा पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठायची. तिथे डॉक्टर 'सारा' मोजपट्टीच्या ८ चाचण्या घेऊन ४० पैकी गुण देतात. गुण जास्त म्हणजे त्रास जास्त. गंमत म्हणजे डॉक्टरांसमोर दादा नेहमीपेक्षा बरा चालतो. परीक्षा म्हटली की माणूस ताठ होतो! नाशिकच्या रविवार कारंज्याच्या गर्दीत त्याचा दंड धरावा लागतो, ते त्या गुणांत उतरत नाही.

म्हणून घरचे दिवस फोनच्या अ‍ॅपवर किंवा वहीत टिपणाऱ्या संशोधन-अभ्यासात नाव घालायचं ठरवत असाल, तर आम्ही दोन्ही करून पाहिलंय.

अ‍ॅपचं बळ मोजण्यात आहे. फोन कमरेला बांधून चालायचं, स्थिर उभं राहायचं, स्क्रीनवर टिचक्या मारायच्या. आतले सेन्सर डोळ्याला न दिसणारा डोलही पकडतात. शिवाय रोजचा चढउतार कळतो, तोही नाशिक न सोडता. पण लोक कंटाळतात. २०१५ साली पार्किन्सन्ससाठी आलेल्या एमपॉवर अ‍ॅपवर हजारोंनी नावं घातली, आणि बरेच जण लवकरच गळाले. दुर्मीळ आजारात मुळात माणसंच मोजकी, तिथे दहा गळाले तरी अभ्यास लंगडा पडतो.

आणि फोन भोळा असतो. एकदा तो दिवसभर फ्रिजवर राहिला, अ‍ॅपच्या हिशेबी दादा हललाच नाही. बोटं थरथरतात म्हणून दोनदा पुतण्यानेच टिचक्या मारल्या; त्या दिवशी आकडे झकास आले.

वही 'का' ते सांगते. 'तांब्या हातातून सुटला', 'पाणी पिताना ठसका', 'लग्नाला यायला नको म्हणाले'. यातलं अ‍ॅपला काय कळणार? पण वहिनी आठवड्याचं सगळं रविवारी रात्री लिहायची, मग सोमवार आणि शुक्रवार जुळे भाऊ वाटायचे.

माझं मत: हिंडतंफिरतं माणूस असेल तर अ‍ॅप, आणि जोडीला रोज दोन ओळींची वही. दिवस खुर्चीत जात असेल तर नुसती वही पुरे.

सहीआधी संमतीपत्र मराठीत मागा. नीतिमत्ता समितीची मंजुरी, फोन कुठे फिरतो याची नोंद होते का, माहिती कोणाकडे जाते, हे विचारा. मधेच बाहेर पडलात तरी उपचार अडता कामा नये. आमचं घोडं अडलं वेगळ्याच प्रश्नावर. हा आजार आनुवंशिक, प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. अ‍ॅपने कुटुंबाची माहिती विचारली, तेव्हा ती पुतण्याचीही होती. तो रकाना आम्ही रिकामा ठेवला.

अभ्यासात गेलेले आकडे लगेच कोणी पाहत बसलेलं असेल, असं धरून चालू नका. ठसका वाढला की आम्ही अ‍ॅप उघडत नाही, डॉक्टरांना फोन लावतो.