तिसरा मॉनिटर लागत नसेल तर आधी ग्राफिक्स कार्ड तपासा

दोन मॉनिटर व्यवस्थित चालतात, तिसरा काळाच राहतो. केबल बदलली, मॉनिटर बदलला तरी तेच. पहिल्या दोनपैकी एक बंद केला की मात्र तिसरा लगेच लागतो. ‘जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी’ असं खोक्यावर छापलेलं, नवंकोरं म्हणून विकलेलं ग्राफिक्स कार्ड (मॉनिटरला चित्र पुरवणारं) असं वागत असेल तर दोष केबलचा नसतो. बहुतेक वेळा कार्डच बनावट असतं.

बनावट कार्डाच्या आत असतात जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय, ही २०१०-११ सालची कार्डं. त्यांच्या बायॉसमध्ये, म्हणजे कार्डाची ओळख साठवणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, नव्या कार्डाचं नाव आणि खोटी मेमरी भरतात, वर चकचकीत पंखा बसवतात. कार्ड स्वतःची जी ओळख सांगतं तीच विंडोज दाखवतं, म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये काहीच खटकत नाही. पण आतली चिप फर्मी पिढीची असते, आणि ती एका वेळी दोनच मॉनिटर चालवते. मागे व्हीजीए, डीव्हीआय, एचडीएमआय असे तीन पोर्ट असले तरी दोनच. या कार्डांच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीच्या एका चिपवर चार मॉनिटर चालायला लागले ते २०१२ च्या जीटीएक्स ६८० पासून.

व्हीजीए पोर्ट ही सगळ्यात सोपी खूण. १०५० टीआय ज्या पास्कल पिढीतली, तिच्यात व्हीजीएला लागणारं अ‍ॅनालॉग आउटपुटच नाही. या नावाच्या कार्डावर निळा व्हीजीए पोर्ट दिसला तर पैसे काढूच नका. खऱ्या कार्डावर सहसा डिस्प्लेपोर्ट असतो, बनावटवर तो सापडत नाही. ‘सोबतच्या सीडीतलाच ड्रायव्हर टाका, अपडेट करू नका’ असं विक्रेता बजावत असेल तर तेही कार्ड बनावट असल्यामुळेच: नवा ड्रायव्हर टाकला की स्क्रीन काळी पडते किंवा मशीन निळ्या स्क्रीनवर जातं.

तक्रार घेऊन गेल्यावर दुसरी लूट होते, आणि आमच्या मते ती जास्त संतापजनक आहे. ‘साहेब, तिसऱ्याला स्प्लिटर लागतोच’ असं सांगून एचडीएमआय स्प्लिटर गळ्यात मारतात. स्प्लिटर एकच चित्र दोन ठिकाणी दाखवतो, डेस्कटॉप वाढवत नाही. मग यूएसबीला मॉनिटर जोडणारा अडॅप्टर येतो. त्यावर ब्राउझर, चॅट चालतं, पण त्याचं चित्र कॉम्प्युटरचा प्रोसेसर कॉम्प्रेस करून यूएसबीवरून पाठवतो. तीन मॉनिटर जोडून एकच मोठा पडदा करणाऱ्या ‘एनव्हिडिया सराउंड’ सोयीत तो मॉनिटर धरला जात नाही, त्यामुळे ५७६० × १०८० वर तीन मॉनिटरभर गेम पसरत नाही.

कार्ड दुकानातच लावून बघा. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर न्या. २०१८ च्या २.१२ आवृत्तीपासून ते बनावट एनव्हिडिया कार्ड ओळखून नावाआधी इंग्रजीत ‘फेक’ लिहितं. त्यात शेडरचा, म्हणजे चिपमधल्या चित्राचं गणित करणाऱ्या भागांचा, आकडाही पाहा: खऱ्या १०५० टीआयला ७६८ शेडर असतात, त्या जुन्या दोन कार्डांना १९२. मग तीन मॉनिटर जोडा, विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा, तिन्ही १९२० × १०८० वर चालतात का पाहा. शेवटी एखादा जड गेम पंधरा मिनिटं चालवा. खोट्या ४ जीबीमागे बहुधा १ जीबीच असते. ती भरली की गेम बंद पडतो किंवा चित्र फाटतं.

आणि कार्ड अस्सल निघालं तरी १०५० टीआयवर नवे गेम तीन मॉनिटरभर खेळता येतील ही आशा ठेवू नका. तीन मॉनिटरचे मिळून ६२ लाख पिक्सेल त्याला झेपत नाहीत. मधल्यावर गेम, बाजूच्या दोनवर नकाशा आणि चॅट, एवढं छान होतं.

पक्क्या बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या. ऑनलाइन मागवलं असेल तर खोकं उघडतानाचा अखंड व्हिडिओ ठेवा. विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. तोवर कार्डाचा पंखा किंवा हीटसिंक उघडू नका, नाहीतर ‘तुम्हीच बिघडवलं’ म्हणायला विक्रेत्याला कारण मिळतं. जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट आणि पोर्टचे फोटो पुरावा म्हणून जोडा.