टुंड्रा क्रूमॅक्स, आठेक महिने वापरल्यावर: पुढच्या सीटवर निश्चिंत, मागच्या सीटवर नाही

टेक्ससमध्ये फुल-साइझ पिकअप घेणं यात काही अप्रूप नाही, आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरापुढे एक उभा असतो. आम्हाला कॅम्पर (गाडीमागे जोडायचं फिरतं घर) ओढायला हवा होता. फोर्ड एफ-150, शेव्हरोले सिल्व्हराडो, रॅम 1500 आणि टोयोटा टुंड्रा अशी चौघांची तुलना झाली आणि टुंड्रा घरी आला, मोठ्या चार दारी क्रूमॅक्स केबिनचा. मायलेज, टचस्क्रीन, ओढण्याची ताकद यावर व्हिडिओंचा ढीग पडलाय. मी लिहितोय ते फक्त अपघातातल्या सुरक्षेबद्दल, कारण आमची निवड त्यावरच झाली.

आम्ही फिरलो त्या एका शोरूममधल्या सेल्समनकडे प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर होतं, "फाइव्ह स्टार आहे." गाड्या आपटून तारे देणाऱ्या एनएचटीएसए या अमेरिकन सरकारी संस्थेचे तारे खोटे नसतात. पण समोरून होणाऱ्या धडकेचे तारे साधारण तेवढ्याच वजनाच्या गाडीशी ताडून बघायचे असतात, फार तर 250 पौंड इकडेतिकडे. छोट्या सेडानचे पाच आणि ट्रकचे पाच एकाच पारड्यात टाकता येत नाहीत. शिवाय भिंतीवर आपटायच्या चाचणीत वजनाचा फायदा नसतोच. जड गाडी जास्त जोरात आदळते आणि तो सगळा जोर तिच्याच सांगाड्याला झेलावा लागतो. "एवढा मोठा ट्रक, मग सेफ असणारच" म्हणणाऱ्यांनी हे एकदा समजून घ्यावं.

मी जास्त भरवसा ठेवला तो आयआयएचएसच्या निकालांवर. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी ही संस्था व्हर्जिनियात गाड्या फोडते. 2012 पासून त्यांची स्मॉल ओव्हरलॅप चाचणी आहे: ताशी 40 मैलांनी गाडीचा पुढचा फक्त एक चतुर्थांश भाग टणक अडथळ्यावर आदळतो. 2015 च्या एफ-150 ची गंमत इथलीच. ॲल्युमिनियम बॉडीचा तोच ट्रक, तेच वर्ष, पण मोठ्या सुपरक्रू केबिनला 'गुड' (सर्वात वरची श्रेणी) आणि लहान सुपरकॅबला 'मार्जिनल' (सर्वात खालच्या 'पुअर'च्या एकच पायरी वर). पुढच्या चाकाजवळचे जादा पोलादी तुकडे फोर्डने फक्त मोठ्या केबिनमध्ये बसवले होते! 2016 मध्ये ते सगळीकडे आले. सेकंडहँड बघत असाल तर वर्ष आणि केबिन दोन्ही विचारा. टुंड्राचंही तसंच. ड्रायव्हरशेजारच्या बाजूची हीच चाचणी 2019 मध्ये झाली तेव्हा एफ-150 आणि रॅम 'गुड' ठरले, जुन्या पिढीचा टुंड्रा 'पुअर'. 2022 ला नवी पिढी आली आणि तिथे सुधारणा झाली. म्हणून 2021 पर्यंतचा टुंड्रा स्वस्तात मिळतोय म्हणून उडी मारू नका.

आता मागची सीट. आमचा निर्णय खरं तर इथे झाला. आयआयएचएसने मॉडरेट ओव्हरलॅप चाचणी (यात गाडीचा पुढचा थोडा जास्त भाग आदळतो) बदलली आणि ड्रायव्हरच्या मागे एक लहान डमी, म्हणजे चाचणीचा पुतळा, बसवली, ठेंगण्या बाईच्या किंवा बारा वर्षांच्या मुलाच्या अंगाची. म्हणजे आमची आई आणि आमची लेक, दोघीही. 2023 च्या निकालांत चारही ट्रकनी ड्रायव्हरला नीट सांभाळलं, मागच्या डमीला मात्र नाही. एफ-150, सिल्व्हराडो आणि रॅम 'पुअर', टुंड्रा 'मार्जिनल'. आम्ही घेतलाय तो वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणून, हे कबूल.

धडकेत डमी कमरेच्या पट्ट्याखालून पुढे सरकते आणि पट्टा नितंबाच्या हाडांवरून निसटून पोटावर चढतो, ही तिथली मोठी भीती. आई साताऱ्याहून तीन महिने आली होती तेव्हा धडक न होताच हे दिसलं. नऊवारी असो की सहावारी, निऱ्यांचा गठ्ठा मध्ये येतो, त्यावर पट्टा बसतो आणि थोड्या वेळाने पोटावर. त्यात खांद्याचा पट्टा गळ्याला घासतो म्हणून ती तो हळूच काखेखाली घ्यायची. "अगं आई, तो वरच राहू दे," हे प्रत्येक सिग्नलला. शेवटी निऱ्या वर करून पट्टा खाली, मांड्यांच्या मुळाशी घट्ट ओढायचा आणि मग पदर सारखा करायचा, अशी पद्धत बसली. लेकीला बूस्टर (पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच बसवणारी छोटी सीट) अजून ठेवलाय, ती कितीही कुरकुरली तरी.

बाहेरच्यांचं काय, हे मात्र कोणी विचारत नाही. आयआयएचएसच्या 2023 च्या अभ्यासात 40 इंचांपेक्षा उंच बॉनेटच्या गाड्यांनी पादचाऱ्याला धडक दिली तर तो दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे 45 टक्के जास्त निघाली. आमच्याकडे टेप लावला, बराच वर गेला. या वर्गातले सगळेच ट्रक असे. लेकीची सायकल ट्रकच्या नाकासमोर आडवी ठेवून मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो, तर हँडलसुद्धा दिसेना. तेव्हापासून ड्राइव्हवेमधून निघताना पुढचा कॅमेरा लावल्याशिवाय ब्रेक सोडत नाही, आणि शेजारची पोरं खेळत असतील तर आधी उतरून बघतो.

घेणाऱ्यांसाठी एकच सुचवणी. टेस्ट ड्राइव्हला घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाला सोबत न्या, मागे बसवा आणि पट्टा कुठे बसतो ते स्वतः वाकून बघा. सेल्समन घाई करेल, करू दे.