मॅजिक पिट (शोषखड्डा) : एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

घरामागं शोषखड्डा करून पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही निघाले, म्हणून आता लिहिते. नवं नवं असताना सगळंच भारी वाटतं, त्यामुळं मुद्दाम थांबले होते.

आधी हे सांगते, नुसते दगड भरलेला जुना शोषखड्डा वेगळा आणि हा वेगळा. चार फूट लांब, चार रुंद, चार खोल असा खड्डा, तळाला दगड, त्यावर मधोमध सिमेंटची टाकी, टाकीला वरच्या अंगाला भोकं. टाकीभोवती दगडगोटे, वर बारीक खडी, मग गोणपाट न् माती. मोरीचं पाणी आधी टाकीत पडतं, गाळ खाली बसतो, वरचं पाणी भोकांतून दगडात जाऊन मुरतं. आमच्या नांदेडातच हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं हे करून दाखवलं आणि पुढं नांदेड पॅटर्न म्हणून गाजलं. रोजगार हमीतून होतो, पण बिलाची वाट बघायची तयारी ठेवा.

फायदा म्हणाल तर दारापुढची गटारगंगा गेली हो! आधी आमचं पाणी शेजाऱ्याच्या दारात, त्याचं पुढच्याच्या, आणि त्यावरून बारा महिने तेरा काळ भांडणं. आता रस्ता कोरडा असतो, डुकरं लोळत नाहीत, संध्याकाळी ओट्यावर बसता येतं.

आता खरी गोष्ट. खड्डा चालतो तो जमिनीच्या जिवावर. आमच्याकडं वर काळी माती, ती भिजली की फुगते आणि पाणी सोडतच नाही. भर पावसात सलग झड लागली तेव्हा खड्डा तुडुंब, मोरीत पाणी उलटं आलं, न्हाणीत पाय ठेवायची सोय नाही. वरच्या आळीत मुरूम लागतो तिथं असलं काही झालं नाही, माप तेच, गवंडी पण तोच. हिशेब बघा ना, नळयोजनेचं माणशी 55 लिटर धरलं तर पाच माणसांचं 275 लिटर, त्यातलं दोनशेच्या आसपास तरी रोज मोरीतून जाणार, आणि खड्ड्यात दगड भरल्यावर मोकळी जागा निम्मी पण उरत नाही. मग पाणी मुरलंच नाही तर जाणार कुठं? त्यामुळं काळी माती असेल तर चार फुटावर थांबू नका, मुरूम लागेपर्यंत खणा. गवंडी म्हणेल काही गरज नाही, ऐकू नका.

दुसरं म्हणजे मोरी आणि खड्ड्याच्या मधलं जाळीचं चेंबर. हे वाचवायला जातात लोकं. खरकटं, केस, साबणाचा लगदा आणि सगळ्यात वाईट म्हणजे भांडी घासायची राख, हे सगळं चेंबरात अडलं पाहिजे, नाहीतर दगडाच्या फटी बुजल्या की उपसून धुवून परत भरायचं. दिवाळीत तळणाचं तेल न् मटणाच्या पातेल्याचा थर मी आता आधी कागदानं पुसून काढते मगच पाणी. सासूबाई हसतात, हसू देत. जाळी साफ करायचं काम घाण आहे हे खरं, आणि घरात ते कुणाच्या वाट्याला येतं ते सांगायला नको.

डासांचं मात्र अर्धवट ऐकून खूश होऊ नका. गटारातले क्युलेक्स कमी झाले, रात्रीची गुणगुण गेली. पण डेंगूचा एडिस साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, रांजण आणि कूलर आठवड्याला कोरडे करावेच लागतात, खड्डा त्यात काही करत नाही.

आणि संडासाचं पाणी यात सोडू नका, सेप्टिक टँकचा ओव्हरफ्लो पण नाही. एकानं सोडलंय, वास येतोय, जवळच हापसा आहे, सांगून थकलो आम्ही. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर तिथं खड्डाच नको.

पाचपैकी चार देईन, मुरमाच्या जमिनीत साडेचार. टाकीच्या झाकणावर माती लोटू नका, गाळ काढायला तेच उघडायचं असतं. शेजारच्यांनी वर फरशी टाकून तुळशीवृंदावन बांधलंय, आता खड्डा तुंबलाय आणि वृंदावन हलवायला घरात कुणी तयार नाही.