मुळशीतल्या घरावर दोन किलोवॅट: सोलरवाल्यांचं काम कसं झालं

सोलर बसवून देणाऱ्यांबद्दल लोक लिहितात तेव्हा पहिल्याच ओळीत बिलाचा फोटो असतो. आधी चार हजार, आता दीडशे. ही सगळी बाणेर-वाकडची, तीन खोल्यांत तीन एसी असलेली घरं. आमचं घर पौडच्या पुढे, ताम्हिणीच्या रस्त्यावरून आत वळल्यावर. तिथलं बिल सहा-सातशेच्या वर क्वचितच गेलंय. एवढ्याशा बिलात वाचून वाचणार किती? आम्हाला हवं होतं ते वेगळंच: पावसाळ्यात वीज गेली तरी घर चालू राहावं. कंपनीचं काम मी त्याच मापाने मोजते आहे, आणि त्या मापाने पाचपैकी तीन.

कंपनीचं नाव लिहीत नाही. पुण्यात अशा कंपन्या ढिगाने आहेत आणि खालच्या बऱ्याच गोष्टी त्यातल्या कुणाकडूनही घडतील. मी बँकेत कर्ज विभागात आहे, कोथरूडला राहते. गावच्या घरात सासूबाई, धाकटे दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं. महिन्याचा वापर सत्तर-ऐंशी युनिट. त्यात फ्रिज, टीव्ही, दिवे, पंखे आणि जाऊबाईंची घरघंटी. वाडीतल्या चार-पाच घरांचं दळण त्या करून देतात.

सगळं सुरू झालं २०२५ च्या फेब्रुवारीत. छतावरच्या सोलरला अनुदान देणारी केंद्राची ‘पीएम सूर्यघर’ योजना त्याच्या आदल्या वर्षीच, फेब्रुवारी २०२४ मध्ये आली होती. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० अनुदान. कंपनीचा माणूस घर बघायच्या आधी हा आकडा बघून आला होता. “मॅडम, तीनच घ्या, सबसिडी पूर्ण मिळते.” मी म्हटलं, आमचा वापर ऐंशी युनिट आहे. तर म्हणाला, “मग एसी लावा की!” मुळशीत. पावसाळ्यात अंगावर दोन गोधड्या लागतात तिथे.

एक किलोवॅटला दिवसाला साधारण चार युनिट धरतात. त्या हिशेबाने तीन किलोवॅट म्हणजे महिन्याला साडेतीनशेच्या घरात. एवढ्या विजेचं आम्ही करणार काय? ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या लाइनला, दिलेली युनिट्स पुढच्या महिन्यांच्या बिलात वळती होतात हे खरं. पण मार्चअखेर उरतील त्यांचा भाव आपण मोजतो त्या भावाच्या आसपासही नसतो. अनुदान जास्त मिळतं म्हणून नको असलेला माल घेणारे कर्जदार मी रोज टेबलापलीकडे बघते. आपण तरी तसं करायचं नाही, हे ठरवूनच बसले होते.

आम्ही हिशेब लावला तो जुलैचा. वर्षाची सरासरी कागदावर छान दिसते, पण आमच्याकडे जुलैत चार-चार दिवस सूर्य दिसत नाही आणि नेमकी तेव्हाच तारांवर झाडं पडतात. दोन किलोवॅटवर एप्रिलात आठ-नऊ युनिट मिळत असतील तर भर पावसात दोन-अडीच धरावीत. घराची रोजची गरज तेवढीच. म्हणून दोन. हे गणित दिरांनी वहीत मांडलं होतं. कंपनीच्या माणसाने ते बघून “तुम्ही फारच डिटेलमध्ये जाता” म्हटलं. ती तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.

पुढचा वाद इन्व्हर्टरचा, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणाऱ्या यंत्राचा. ज्याला गावाकडे सोलर बसवायचंय त्याने बाकी काही नाही तर एवढं वाचावं. नेहमीचं ऑन-ग्रिड, म्हणजे फक्त लाइनच्या जोडीने चालणारं, यंत्र लाइन गेली की बंद पडतं, मग वर लख्ख ऊन का असेना. यात फसवणूक नाही, ती सुरक्षेची सोय आहे. नाहीतर खांबावर चढलेला वायरमन लाइन बंद आहे समजून हात लावायचा आणि तुमच्या छतावरची वीज त्याच्या अंगात उतरायची. पण हे विकताना कुणी सांगत नाही. वाडीतच एका घराने आमच्या आधी सोलर बसवलं होतं आणि वीज गेली की तेही आमच्यासारखेच मेणबत्ती शोधायचे. त्यांना वाटत होतं पॅनलच खराब आहेत.

वीज गेल्यावरही घर चालायला हवं तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. योजनेचं अनुदान पॅनलच्या किलोवॅटवर आहे, बॅटरीला वेगळं काही नाही. आमची ऑर्डर स्पष्ट हायब्रिडची होती. टेम्पोतून उतरलं साधं ऑन-ग्रिड. “सबसिडीला हेच लागतं,” असं बसवणाऱ्या पोराने ठासून सांगितलं. तसं काही नाही. पॅनल देशी सेलचे, देशात बनवलेले हवेत ही अट आहे, हायब्रिडला आडकाठी नाही. ऑफिसला फोन केला तर तिथल्या बाई लगेच म्हणाल्या, गोडाऊनमधून चुकून गेलं. मग पोराला ते कुणी शिकवलं होतं? यंत्र बदलून आलं, पण दरम्यान पॅनल दिरांच्या पडवीत आणि घरघंटी अंगणात.

खर्च सांगते, कारण तो कुणी नीट सांगत नाही. दोन किलोवॅटचं सगळं मिळून एक लाख तीस हजार, हायब्रिड आणि अडीच युनिटची लिथियम बॅटरी यांचे वर पंचाहत्तर हजार. अनुदानाचे ६०,००० थेट सासूबाईंच्या खात्यात आले, कारण मीटर त्यांच्या नावावर. हे काम कंपनीने चोख केलं: पोर्टलवरचा अर्ज, तपासणी, घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारा नेट मीटर, एकाही कागदासाठी आम्हाला खेटे घालावे लागले नाहीत. पाचातल्या तीनपैकी दीड गुण या कागदपत्रांचे. निव्वळ बिलावर बघाल तर पैसे वसूल व्हायला वीस वर्षं लागतील. हे मी घरात आधीच सांगितलं होतं. सासूबाई म्हणाल्या, “मोटारसायकलचे पैसे वसूल होतात का कधी?” विषय संपला.

आंब्याचा विषय मात्र लवकर संपला नाही. घराचा पुढचा भाग जुना, कौलारू. मागचं स्वयंपाकघर स्लॅबचं. पॅनल स्लॅबवरच बसणार, आणि पूर्वेला आंबा. सकाळी साडेनऊपर्यंत त्याची सावली येते. पॅनल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एकाच्या कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळ्या ओळीचा जोर उतरतो. सर्व्हेला आलेल्या इंजिनिअरने सरळ सुचवलं, झाड काढा. वर म्हणे, पर्यावरणासाठीच चाललंय ना हे सगळं. सासूबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तुमच्या पॅनलला आंबे लागतात का रे बाळा?” चौकट पश्चिमेला सरकवली. सकाळचा तास-दीड तास गेला, गेला.

स्लॅबला भोकं पाडण्यावरून गावचा गवंडी आणि कंपनीची पोरं यांची जुंपली. मुळशीच्या पावसात स्लॅबला भोक पाडणं म्हणजे काय, हे पिंपरीहून आलेल्या पोरांना ठाऊक असायचं कारण नाही. गवंड्याने आधी काँक्रीटचे ठोकळे बांधले, मग बोल्ट त्या ठोकळ्यांत, मग सगळ्यावर वॉटरप्रूफिंगचा हात. ठोकळे, सिमेंट, मजुरी आमच्या खिशातून. कोटेशनमध्ये ‘सिव्हिल वर्क ग्राहकाकडे’ असं बारीक अक्षरात होतं, मी ते आधीच वाचलं होतं. २०२५ साली पाऊस मे महिन्यातच कोसळला. स्लॅब टिपूसभरही गळला नाही. याचं श्रेय गवंड्याला, कंपनीला नाही.

चालू झाल्यावर पहिली भानगड भर दुपारी. ऊन कडक, आणि इन्व्हर्टर लाल दिवा लावून बंद. थोड्या वेळाने आपोआप चालू, पुन्हा बंद. पडद्यावर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’. कंपनी म्हणाली, तुमच्या लाइनचाच दोष. दिरांनी मल्टिमीटर आणला आणि दोन ठिकाणी माप घेतलं, मीटरपाशी आणि इन्व्हर्टरपाशी. इन्व्हर्टरपाशी आठ व्होल्ट जास्त. मीटर पुढच्या ओसरीवर, इन्व्हर्टर मागच्या पडवीत, मधे लांबलचक आणि बारीक ॲल्युमिनियमची केबल. वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला लाइनपेक्षा थोडा जास्त दाब, म्हणजे व्होल्टेज, द्यावा लागतो. केबल बारीक असली की तो आणखी चढतो, आणि मर्यादा ओलांडली की यंत्र स्वतःला बंद करतं. तांब्याची जाड केबल टाकल्यावर लाल दिवा गेला. कंपनीने ती फुकट बदलून दिली, पण मापाचे दोन फोटो पाठवल्यावर. एक गुण तिथे कापला. दुसरा चुकीच्या इन्व्हर्टरचा.

आता धोरणाचं. आम्ही ठरवत होतो तेव्हाच वीज नियामक आयोगापुढे महावितरणच्या दरवाढीची सुनावणी चालू होती आणि त्यात एक प्रस्ताव होता: सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये छतावर तयार झालेली वीज त्याच वेळेतल्या वापरातून वजा करायची, रात्रीच्या नाही. सोलरवाले आणि ग्राहक संघटना खवळल्या. घरगुती ग्राहक त्यातून सुटले, पण कंपनीच्या माणसाचा चेहरा तेवढे दिवस उतरलेला होता. मला तो प्रस्ताव अगदीच अनाठायी वाटला नाही, हे सांगितल्यावर नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. दुपारी सगळ्यांचंच सोलर चालतं तेव्हा विजेला गिऱ्हाईक कमी. संध्याकाळी सातला दिवे, टीव्ही, गिझर एकदम लागतात तेव्हा भार कोळशावर. जुलै २०२५ मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेतला, म्हणजे उभ्या असलेल्या सगळ्या वीज प्रकल्पांच्या ताकदीतला, निम्मा वाटा कोळसा-तेल-वायू सोडून इतर स्रोतांचा झाला, २०३० चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी. पण प्रत्यक्ष तयार होणारी वीज अजून बव्हंशी कोळशाचीच आहे. या दोहोंच्या मधल्या जागेत मोठा वाटा संध्याकाळ-रात्रीचा. ती भरायची तर बॅटरी हवी. मग तिला अनुदान का नाही, हे मला पटत नाही.

आमच्या तालुक्याला हा विषय तसा नवा नाही. मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याला जातं, तिथे त्याची वीज होते आणि ती मुंबईला जाते. त्याच धरणासाठी जमिनी गेल्या म्हणून १९२१ मध्ये इथे सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्याच्या पुढे होते. वाडीत कुणी “हरित ऊर्जा” वगैरे म्हटलं की म्हातारी माणसं हसतात. पाण्याची वीज त्यांनी शंभर वर्षं बघितली आहे, दुसऱ्याच्या घरात जळताना.

पावसाळ्याचा निकाल: वीज गेली तेव्हा घर चाललं. दिवे, राउटर, टीव्ही, दोन पंखे, रात्रभर फ्रिज. पंखे आम्ही आधीच बदलले होते, जुने पंचाहत्तर वॉटचे, नवे कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचे, तिशीच्या आत. हे न करता बॅटरी घेऊ नका, निम्मी बॅटरी पंखेच खातात. घरघंटी बॅटरीवर चालवायची नाही, असं कंपनीने बजावलं होतं, ते पाळलं. लागोपाठ तीन दिवस अंधारून आलं तेव्हा तिसऱ्या रात्री बॅटरी संपली आणि मेणबत्ती आलीच. पण तिसऱ्या रात्री.

एक गोष्ट या सगळ्यात कुणाच्याच कोटेशनमध्ये नसते. घरातली खरी ऊर्जा चुलीत जळते. आंघोळीचं पाणी लाकडावर, गुरांचं आंबोण लाकडावर. गॅसची टाकी आहे, पण ती चहाला आणि पाहुण्यांना. गोठ्यात तीन जनावरं आहेत. एक घनमीटरच्या गोबरगॅसला रोज पंचवीस किलो शेण लागतं, म्हणजे तो जमण्यासारखा आहे. पुण्यातल्याच डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने खरकट्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र काढलं आणि त्याला २००६ मध्ये ॲशडेन हा हरित ऊर्जेचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जाऊबाईंचा सध्या त्यावर डोळा आहे. धूर त्यांच्या डोळ्यांत जातो, त्यामुळे यात मत त्यांचंच चालेल.

आता घेणाऱ्यांसाठी दोन बदल. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आहे. कोटेशन जुन्या दराचं असेल तर परत पाठवा. आणि महिन्याला शंभर युनिटच्या आत वापर असणाऱ्यांसाठी राज्याने ‘स्मार्ट’ नावाची योजना आणली आहे: एका किलोवॅटला केंद्राच्या ३०,००० वर राज्याचे दारिद्र्यरेषेखालच्यांना १७,५००, सर्वसाधारण गटाला १०,०००. वाडीतल्या निम्म्या घरांना ती बसते. मात्र तेही ऑन-ग्रिडच धरून चाला, वीज गेली की बंद.

कंपनीशी सध्या आमचं एकच भांडण चालू आहे. योजनेप्रमाणे पाच वर्षं देखभाल त्यांच्याकडे. त्यांच्या मते पॅनल धुणं देखभालीत येत नाही. मी करार पुन्हा वाचला, ‘स्वच्छता’ हा शब्द त्यात आहे, आणि त्या पानाचा फोटो त्यांना पाठवला आहे. उत्तर यायचंय. तोवर दिवाळीनंतर आंब्यावरच्या पोपटांनी केलेली घाण दीर रविवारी पाइप लावून धुतात.