रबाळ्यात स्वतःचं गोडाउन की भिवंडीत थ्रीपीएल? छोट्या उत्पादकासाठी तुलना

नवी मुंबईतल्या रबाळ्यात, महाप्यात किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये तुमचा गाळा आहे. मसाले, पापड, फराळ, साबण असं काहीतरी तिथे तयार होतं, आणि तयार मालाचे बॉक्स आता पार मशिनपर्यंत येऊन टेकलेत. समोर दोन पर्याय असतात. शेजारचा गाळा भाड्याने घेऊन डिस्पॅच आपल्याच माणसांकडून चालवायचा, किंवा माल भिवंडीतल्या एखाद्या थ्रीपीएलकडे, म्हणजे साठवण, पिकिंग (ऑर्डरप्रमाणे माल काढणं) आणि गाडी सगळं बघणाऱ्या कंपनीकडे सोपवायचा.

बहुतेक जण पहिल्याच बैठकीत चौरस फुटाचा दर मांडतात. तो मांडायलाच हवा. पण मी दोन्हीकडचं डिस्पॅच जवळून पाहिलंय, आणि माझं मत असं की दरातला फरक एखाद्या दिवाळीत किंवा एखाद्या पावसाळ्यात सहज पुसला जातो. त्यापेक्षा जास्त फरक पडतो तो वेगळ्याच गोष्टीने. ठरलेलं वेळापत्रक कोलमडलं की पुढे काय करायचं हे जागेवर उभा असलेला माणूस ठरवू शकतो, की त्याला कोणाच्या तरी ईमेलची वाट बघावी लागते? खालची सगळी तुलना याच अंगाने केली आहे.

पैसे

स्वतःच्या गोडाउनचा खर्च ठरीव असतो. भाडं, डिपॉझिट, रॅक, सुपरवायझर, चार-पाच हात आणि वॉचमन. माल हलो न हलो, पगार द्यायचाच. थ्रीपीएल पॅलेटमागे किंवा बॉक्समागे पैसे घेतो. माल आत येताना वेगळे, बाहेर जाताना वेगळे. वर ‘मिनिमम बिलिंग’, म्हणजे माल कमी असला तरी द्यावी लागणारी किमान रक्कम, अशी एक ओळ असते, ती करारात शोधून वाचा. लेबल बदलणं, फुटके बॉक्स पुन्हा पॅक करणं, परत आलेला माल मोजणं याचे दर बहुधा मागच्या पानावरच्या परिशिष्टात सापडतात.

कागदावर हिशोब सोपा दिसतो. विक्री वर्षभर सारखी असेल तर स्वतःचं, श्रावणापासून दिवाळीपर्यंत दुप्पट-तिप्पट होत असेल तर थ्रीपीएल. मला हे अर्धंच पटतं. भिवंडीच्या आसपास एवढी गोडाउनं झाली ती मुळात मुंबईच्या जकातीमुळे. माल जकातीच्या हद्दीबाहेर उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, अशी ती सोय होती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली, तरी गोडाउनं उठली नाहीत. उलट, आधी कराच्या गणितासाठी राज्याराज्यात लहान डेपो ठेवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजक्या ठिकाणी मोठी गोडाउनं घेऊ लागल्या. त्यामुळे आज त्या शेडमध्ये तुमचा शेजारी कोण, तर एखादी मोठी ई-कॉमर्स किंवा एफएमसीजी (रोजच्या वापराच्या वस्तूंची) कंपनी. तिचा सेल आणि तुमची दिवाळी एकाच पंधरवड्यात येते. जास्तीचे हात तुम्हालाही त्याच आठवड्यात हवे असतात. ते आधी कोणाकडे जातील, हे बिलाच्या आकड्यावर ठरतं.

म्हणून थ्रीपीएलवाला ‘सीझनला कपॅसिटी वाढवून देऊ’ म्हणाला, की गेल्या ऑक्टोबरमध्ये तुमच्याएवढ्याच एखाद्या ग्राहकाच्या ऑर्डर किती तासांत निघाल्या ते विचारा. मोठ्या ग्राहकाचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

माणसं

खरा फरक इथे आहे, आणि दर काढताना नेमका हाच सुटतो.

रबाळे, घणसोली, कोपरखैरणे ही स्टेशनं ठाणे-वाशी मार्गावर आहेत. तिथे २००४ पासून लोकल धावते. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्टेशनही सुरू झालं. त्यामुळे कळवा, दिघा, ऐरोलीकडच्या बायका पॅकिंगला आणि डिस्पॅचला सहज येऊ शकतात, संध्याकाळी वेळेत घरी पोचतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. अशा जुन्या मावशींना काय माहीत असतं ते कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नसतं. पापडाचा बॉक्स मसाल्याच्या वर ठेवायचा, खाली नाही. कोणत्या वितरकाकडे गाडी दुपारी एकनंतर गेली तर चारपर्यंत उतरत नाही. कोणाला जुन्या तारखेचा माल चालतो आणि कोण तो पाहिल्याबरोबर परत पाठवतो.

भिवंडीच्या मानकोली, वळ, पूर्णा या पट्ट्यात असं होणं अवघड आहे. भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर, गाड्या थोड्या. बाकी प्रवास शेअर रिक्षा किंवा कंपनीच्या बसवर. कामाला बहुतेक तरुण पुरुष, त्यातले पुष्कळ उत्तर प्रदेश-बिहारचे, जवळच खोली करून राहणारे, कंत्राटदारामार्फत लागलेले. माणसं मेहनती, पण सारखी बदलतात. शंभर रुपये जास्त मिळाले की शेजारच्या शेडमध्ये जातात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. मात्र तुमच्या मालाची माहिती कोणाच्या डोक्यात टिकत नाही. ती लिहून द्यावी लागते, फोटोसकट, हिंदीत.

यावरून ‘आपली माणसं ती आपली’ असा निष्कर्ष लगेच काढू नका. स्वतःच्या गोडाउनमध्ये सगळी माहिती एकाच सुपरवायझरच्या डोक्यात असणं हा मोठा धोका असतो. तो गणपतीला मालवणला गेला की दहा दिवस डिस्पॅच आंधळेपणाने चालतो, आणि सणाचा माल सुटायची वेळ नेमकी तीच. दुसरं माणूस तयार केलं नसेल, तर माणसांना केंद्रस्थानी ठेवल्याची भाषा फुकट आहे. त्या एका माणसाला रजासुद्धा सुखाने घेता येत नाही.

आणि एक गंमत, जी कोटेशनमध्ये कधीच दिसत नाही. रबाळे रिकामं होतं गणपतीत. भिवंडी रिकामी होते दिवाळी-छठच्या सुमाराला, होळीला आणि ईदला. दोन्हीकडच्या माणसांचं गावी जाण्याचं वेळापत्रक वेगळं. तुमचा सीझन कुठल्या रजेवर आदळतो, ते कॅलेंडर समोर ठेवून बघा. फराळवाल्यासाठी गणपतीची गैरहजेरी सोसता येते, दिवाळीच्या आधीची नाही.

लॉकडाऊनमध्ये हे सगळं उघडं पडलं. मे २०२० च्या सुरुवातीला भिवंडी रोडहून गोरखपूरला श्रमिक विशेष गाडी सुटली, आणि त्याच्या आगेमागे हजारो माणसं नाशिक हायवेने चालत निघाली. त्या काळात ज्यांनी माणसांचं भाडं आणि रेशन पाहिलं, त्यांच्याकडे माणसं लवकर परतली.

थ्रीपीएल घेणार असाल तर मे महिन्यात दुपारी तीनला त्या शेडमध्ये जाऊन अर्धा तास उभे राहा. पत्र्याखाली हवा फिरते का, पाणी थंड आहे का, बसायला जागा आहे का, बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का. दुपारच्या पाळीत पिकिंगच्या चुका का वाढतात, त्याचं उत्तर तिथेच मिळेल. पीएफ आणि ईएसआयची चलनं मागा. कंत्राटदाराने ती भरली नाहीत, तर प्रश्न तुमच्या दारापर्यंत येऊ शकतो.

माथाडींबद्दल थोडक्यात. १९६९ च्या माथाडी कायद्याखाली मालाच्या प्रकारानुसार वेगवेगळी मंडळं आहेत. मालक मजुरी आणि त्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जास्तीची रक्कम, मंडळात भरतो, आणि त्यातून कामगाराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी मिळते. माथाडी नेते अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेली ही व्यवस्था आजही पाठीवर पोती वाहणाऱ्याला आधार देते. स्वतःचं गोडाउन असेल तर तुमच्या कामाला नोंदणी लागते का, हे थेट मंडळात जाऊन विचारा, दलालाला नको. थ्रीपीएलकडे हे बिलात धरलेलं असतं, पण टोळी नोंदणीकृत आहे का ते पाहायलाच हवं. माथाडीच्या नावाखाली पावती न देता वसुली करणारे वेगळे. त्यांची आणि नोंदणीकृत टोळीची गल्लत करू नका.

रस्ता आणि पाऊस

भिवंडीची जागा बाहेरगावच्या मालासाठी उत्तम आहे. नाशिक हायवे दारात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला, आणि आमणे भिवंडी तालुक्यातच आहे. नाशिक, संभाजीनगर, नागपूरला माल जात असेल तर या बाबतीत रबाळं मागे पडतं.

पण तुमचा कच्चा माल वाशीच्या मसाला मार्केटमधून रबाळ्याला येणार, तयार माल भिवंडीला जाणार आणि तिथून पुन्हा वाशी-पनवेलच्या वितरकाकडे येणार असेल, तर तुम्ही डिझेल जाळायला पैसे देताय. मधला रस्ताही भरवशाचा नाही. विटाव्याला रेल्वेपुलाखाली पाणी साचतं, माजिवड्याला गाड्यांची रांग लागते, आणि अवजड वाहनांना ठरावीक वेळेतच सोडतात. २०१८ मध्ये मे ते सप्टेंबर मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी बंद होता. जेएनपीटी बंदरातून येणारी वाहतूक ऐरोली आणि ठाण्याकडे वळवली गेली आणि सगळ्यांची वेळापत्रकं मोडली.

अशा दिवशी ड्रायव्हरला रस्ता बदलायची मुभा आहे का? स्वतःचं डिस्पॅच असेल तर सुपरवायझर फोन करून म्हणतो, ‘दादा, महाप्यावरून शिळफाट्याने जा, टोल-डिझेल मी बघतो.’ थ्रीपीएलकडे रस्ता रेट कार्डात बांधलेला असेल, तर ड्रायव्हर गाडी कडेला लावून हॉल्टिंग, म्हणजे थांबण्याचे पैसे, मोजत बसतो.

संकटात कोण धावतं

याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण टोयोटाचं आहे. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये कारिया इथल्या आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांना लागणारा ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथेच बनायचा, आणि टोयोटाकडे साठा होता काही तासांचा. गाड्यांचं उत्पादन थांबलं. मग दोनशेच्या आसपास कंपन्या कामाला लागल्या. त्यातल्या कित्येकांनी तो व्हॉल्व्ह आधी कधी बनवला नव्हता. एक तर शिलाई मशिन बनवणारी होती. किमतीची घासाघीस करत कोणी बसलं नाही, आणि आठवड्याभरात उत्पादन बरंचसं रुळावर आलं. साठा कमी ठेवायची पद्धत त्या दिवशी उपयोगाला आली नाही. पुरवठादारांशी वर्षानुवर्षं जपलेले संबंध आले.

आपल्या पातळीवर याचा अर्थ टेम्पोवाला. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या छोट्या पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर होऊन आर्थिक वर्ष संपेपर्यंतही पैसे दिले नाहीत, तर आता प्राप्तिकरात तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. तुमच्या टेम्पोवाल्याची नोंदणी नसेलही, तरी त्याला वेळेवर द्या. जुलैच्या धो धो पावसात रात्री फोन उचलतो तो असाच टेम्पोवाला. थ्रीपीएल घेतलात तर तो पैसे किती दिवसांनी देतो, हे त्याच्या एखाद्या गाडीवाल्याला चहा पाजून विचारा.

कागद

खाद्यपदार्थ असतील तर साठवणुकीच्या जागेलाही एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना लागतो. नवी जागा जीएसटी नोंदणीत ‘अतिरिक्त व्यवसायस्थान’ म्हणून जोडा. राज्यातल्या राज्यात एक लाख रुपयांवरचा माल हलवताना ई-वे बिल, म्हणजे वाहतुकीचा ऑनलाइन काढलेला कागद, लागतं, स्वतःच्याच दोन जागांमध्येसुद्धा. ही कामं दोन्ही पर्यायांत आहेत, फक्त थ्रीपीएलला त्यांची सवय असते.

मग कोणी काय घ्यावं

वस्तू अनेक, एक्सपायरी जवळची, वितरक बहुतेक ठाणे, मुंबई, रायगड आणि पुण्यात: स्वतःचं गोडाउन घ्या. मात्र दुसरा सुपरवायझर पहिल्या वर्षातच तयार करा, आणि दोघांनाही मालकाला न विचारता गाडी बदलायची, रस्ता बदलायची, ठरावीक रकमेपर्यंत खर्च करायची लेखी मुभा द्या. ती द्यायला हात धजत नसेल, तर स्वतःच्या गोडाउनचा अर्धा फायदा तुम्ही सोडलाच.

वस्तू मोजक्या, टिकाऊ, आणि माल चार राज्यांत किंवा ई-कॉमर्सवर जाणारा: थ्रीपीएल. पण अवाढव्य शेडवाल्यापेक्षा मध्यम आकाराचा शोधा, जिथे तुम्ही पहिल्या दहा ग्राहकांत बसाल. करार करण्याआधी सेल्सवाल्याला बाजूला ठेवून फ्लोअर सुपरवायझरशी बोला. रात्री नऊला भरलेली गाडी बंद पडली तर तो स्वतः काय करू शकतो, हे त्याच्याकडूनच ऐका.

मधला रस्ता मला बऱ्याच जणांसाठी बरा वाटतो. जास्त खपाच्या पाच-सहा वस्तूंचा बाहेरगावचा साठा भिवंडीत, बाकी सगळं आणि स्थानिक डिस्पॅच रबाळ्यात. रजांची कॅलेंडरं वेगळी असल्याने एक ठिकाण दुसऱ्याला सांभाळून घेऊ शकतं. याचीही किंमत आहे: साठा दोन ठिकाणी विभागतो, मोजणी दुप्पट होते, आणि नको ती वस्तू नको तिथे पडून राहते. दोन्हीकडच्या सुपरवायझरांनी रोज सकाळी एकमेकांशी फोनवर बोललं तर त्यातलं बरंचसं निस्तरतं. मालकांनी त्या फोनवर नसलेलंच बरं.

काहीही ठरवलंत तरी सुरुवात जानेवारी-फेब्रुवारीत करा, दोन वस्तूंपासून. करारात बाहेर पडायची नोटीस दोन महिन्यांपेक्षा जास्त नको, आणि सुटताना बॅचनुसार साठ्याची यादी तुमच्या फाइलमध्ये मिळेल असं कलम असू द्या. पावसाळ्यापर्यंत खटके कळतात, गणपतीपर्यंत ते सोडवायला वेळ उरतो.