सगळ्या घराने घेतलेला उपचार: होळीपासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

मुलगी नववीत आहे. तिच्या मानेवर काळपट पट्टा दिसायला लागला तेव्हा आजी रोज बेसन-लिंबू लावून घासायची. बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं, हा मळ नाही. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसलं की कातडीवर असं दिसतं, घासून जात नाही. एसजीपीटी, म्हणजे यकृतावर ताण आला की रक्तात वाढणारं एन्झाइम, वाढलेलं होतं आणि भारतीय बालरोग अकादमीच्या (आयएपी) २०१५ च्या तक्त्यावर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, लठ्ठपणाच्या रेषेवर गेला होता. म्हणून नागपुरात धंतोलीतल्या एका क्लिनिकमध्ये कुटुंबासह चालणाऱ्या जीवनशैली-उपचाराला नाव घातलं.

मला सगळ्यात पटलं ते हे की तिथे बदलायला घर घेतात, एकट्या पोरीला नाही. पहिल्याच भेटीत आम्हा दोघांच्या हातातही वही दिली. काय खाल्लं, किती चाललो, रात्री मोबाईल कधी ठेवला, सगळं आईबाबांनीही लिहायचं. ही पद्धत अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लेनर्ड एपस्टाइन यांनी रुजवली. १९९० मध्ये त्यांनी दहा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. ज्या गटात मूल आणि पालक दोघांवर काम झालं होतं, त्या मुलांचं जास्तीचं वजन दहा वर्षांनीही कमीच राहिलं होतं.

पदार्थांना सिग्नलसारखे रंग दिलेले: हिरवा म्हणजे मोकळेपणाने, पिवळा बेताने, लाल क्वचित. पहिल्या यादीत ओट्स आणि ब्रोकोली होती. मी सरळ म्हटलं, आमच्याकडे ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, मुगाचं वरण असतं, त्याचे रंग सांगा. डायटिशियन ताईंनी पुढच्या वेळी यादी नव्याने करून आणली. सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची तळलेली वडी, लाल. तर्री पोहेही लाल, ते वरच्या तेलामुळे आणि शेवेमुळे. बंदी मात्र कशावरच नाही. लाल पदार्थ आठवड्यात किती वेळा, हे घराने मिळून ठरवायचं आणि घरात साठवायचा नाही. आम्ही रविवारी बाहेर जाऊन तर्री पोहे खातो, अगदी मजेत.

धाकटा काटकुळा आहे. "मले काहून शिक्षा?" हे त्याचं पालुपद. पण ताट सगळ्यांचं एकच, यावर समुपदेशक ठाम होत्या; वेगळं ताट वाढलं की मुलीला ते शिक्षाच वाटतं. सगळ्यात अवघड गेलं आजीचं. "वाढत्या पोरीले उपाशी ठेवता काय?" म्हणत ती हळूच लाडू द्यायची. डॉक्टरांनी तिलाच बोलावून दोन कामं दिली: रोजची कोशिंबीर तिच्याकडे, आणि नातीच्या शरीरावर कोणी बोललं तर त्याला थांबवायचं. पोळ्याला आलेल्या एका नातेवाईक बाई "किती जाडी झाली वं" म्हणाल्या, तेव्हा आजीने सगळ्यांदेखत सुनावलं, "आमच्या घरी पोरीच्या आंगावर बोलाचं नाही." मुलगी त्या रात्री कितीतरी दिवसांनी आमच्यासोबत गप्पा मारत जेवली. माझ्या लेखी या उपचाराची खरी किंमत इथे वसूल झाली.

व्यायाम रोज साठ मिनिटं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, त्यामुळे पहाटे सेमिनरी हिल्स नाहीतर रात्री गच्चीवर बॅडमिंटन. झोपेचं गणित अजून सुटलेलं नाही. या वयाला आठ ते दहा तास हवेत, आणि ट्यूशनहून येऊन जेवायलाच दहा वाजतात.

वजन फारसं उतरलं नाही. उंची वाढली आणि काटा जवळपास तिथेच राहिला, त्यामुळे बीएमआय खाली आला. वाढत्या वयात ही प्रगतीच धरतात. एसजीपीटी नॉर्मल आलं, मानेचा पट्टाही फिका झालाय.

खटकलं ते वजन घेणं. काटा रिसेप्शनसमोर आणि आकडा मोठ्याने. आम्ही हरकत घेतल्यावर तो आतल्या खोलीत गेला. आधीच तिथे असायला हवा होता. भेटी भरदुपारी असल्याने ह्यांच्या रजाही बऱ्याच गेल्या.

कुठेही पैसे भरण्याआधी एकूण किती तास मिळणार ते विचारा. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०२३ च्या मार्गदर्शनात ३ ते १२ महिन्यांत किमान २६ तास प्रत्यक्ष भेटी सांगितल्यात. संध्याकाळची वेळ आहे का, आजी-आजोबांशी कोण बोलणार, हेही विचारा. महिन्यातून एकदा घाईची भेट आणि हातात छापील चार्ट, एवढंच मिळणार असेल तर तो हा उपचार नव्हे.