गिअरबॉक्स गेला सांगून ३८,५०० उकळले, गेला होता फक्त प्लास्टिकचा बुश

जुनी ऑटोमॅटिक गाडी असेल तर हे वाचाच. माझी २००८ ची पेट्रोल आहे, वडिलांना क्लच दाबणं होत नाही म्हणून सेकंडहँड घेतली होती. आर्वी तालुक्यात राहतो, इकडे ऑटोमॅटिकला हात लावणारा कोणी नाही. एक दिवस गिअरचा लिव्हर डी (पुढं जायचा गिअर) वर टाकला तर गाडी जागची हलेना, पी (पार्किंग) वर टाकला तर उतारावर सरकून राहिली, आणि लिव्हर हातात खुळखुळ्यासारखा हलत होता. टोइंगवाल्याला ५,५०० देऊन गाडी नागपूरला एका गॅरेजमध्ये नेली.

आता खरी गोष्ट. टोइंगच्या गाडीवरून खाली उतरवल्यावर तिथल्या पोट्ट्यानं बोनेट उघडलं, खाली हात घालून गिअरबॉक्सवरचा आर्म, म्हणजे गिअर बदलणारी छोटी दांडी, ढकलला, आणि माझी गाडी स्वतःच्या इंजिनवर चालवत आत शेडमध्ये लावली. मी समोर उभा, हातात चहा. आणि पाच मिनिटांनी मालक बाहेर येऊन सांगतो, "काका, गिअरबॉक्स पूर्ण बसला." अरे, बसलेल्या गिअरबॉक्सवर गाडी आत कशी गेली बे? हा प्रश्न मला रात्री घरी आल्यावर पडला. पण तुम्हीच सांगा, शेतकरी माणसाला ऑटोमॅटिकच्या आतलं काय समजते, आणि वडिलांची दवाखान्याची तारीख तोंडावर होती.

४२,००० सांगितले, घासाघीस करून ३८,५०० वर आला. तुरीचा चुकारा नुकताच आला होता, त्यातले २०,००० यूपीआयनं आणि १८,५०० रोख. रोख दिले तर जीएसटी लागणार नाही म्हणे. जळलेलं ऑइल म्हणून डब्यात काळं ऑइल दाखवलं. ऑटोमॅटिकचं ऑइल लाल असते, जळलं तर तपकिरी-काळं पडते आणि करपल्याचा वास येते, त्या डब्याला साध्या इंजिन ऑइलचा वास होता. जुने पार्ट मागा, आणि ते आपल्यासमोर निघाले असतील तरच खरे माना.

दोन महिन्यांत लिव्हर पुन्हा ढिला. या वेळी गावातल्या ट्रॅक्टर मेकॅनिकनं जॅक लावून पाहिलं. लिव्हरकडून येणाऱ्या केबलचं टोक गिअरबॉक्सच्या आर्मवर जिथं बसते तिथं प्लास्टिकचा छोटा बुश असते, गरमीनं तो कडक होऊन तुटते, मग लिव्हर फिरते पण आर्म फिरत नाही. त्या नागपूरवाल्यानं तिथं बाइंडिंग वायर गुंडाळली होती. बाइंडिंग वायर! आणि गिअरबॉक्सच्या बोल्टांवर आमच्या शेतातली काळी माती वाळून चिकटलेली, म्हणजे पाना लागलाच नव्हता. नवीन बुश १८० आणि मजुरी २००. एकाला लिव्हर हलवायला बसवा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढून चाकाला दगड, आणि स्वतः बघा आर्म हलते का. गिअरबॉक्स खोलायच्या आधी एवढं कराच.

पोलिसांचं ऐका. इथलं ठाणं म्हणते नागपूरला घडलं, तिथं जा. नवीन फौजदारी कायद्यात (बीएनएसएस) कलम १७३ प्रमाणे हद्द न बघता तक्रार घ्यावी लागते, हे मी मोबाइलवर दाखवलं तर साहेब म्हणे, "तुम्ही वकील आहे का?" नागपूरचं ठाणं म्हणते दिवाणी मामला. काम न करता पैसे घेणं दिवाणी कसं? फसवणुकीचं पूर्वीचं ४२०, आता न्याय संहितेतलं ३१८, कशासाठी आहे मग? आरटीओत गेलो तर गॅरेज आमच्याकडे येत नाही म्हणे. सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि गाडीभाडं आमचं जाते.

शेवटी ग्राहक आयोगाचा रस्ता धरला. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, नागपूरला जायची गरज नाही, दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी नाही, दोन वर्षांच्या आत करायची. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रारीचा नंबर घ्या. गॅरेजवाल्याकडून जीएसटी नंबरचं बिल घेतल्याशिवाय एक रुपया सोडू नका, मला नुसता चिठोरा दिला, "ऑटो काम" लिहिलेला, सही नाही.

मातीच्या बोल्टांचे फोटो, वायरचा व्हिडिओ, २०,००० चा स्क्रीनशॉट जोडला आहे. वकील म्हणतात एवढं चालेल, पण रोख दिलेल्या १८,५०० चा पुरावा काय? कोणाचं असं प्रकरण निकाली लागलं असेल तर तिथं काय दाखवलं होतं ते लिहा.